राहीबाईचं पिवळं पाणी

खारबावात उतरून तुम्ही आज कावीळ उतरवणाऱ्या राहीबाईचं घर विचारलंत, तर पहिला भेटेल तो माणूस सांगेल, "तिचा गुन गेला. आता ती करत न्हाय." गुण गेला कसा, याच्या गावात तीन-चार कथा आहेत. कुणी म्हणतं, तिनं एका पेशंटाकडून साडी घेतली म्हणून देव रुसला. कुणी म्हणतं, सासूची नजर लागली, आणि सासू तर वारून कितीतरी वर्षं झालेली. राहीबाईनं स्वतः खरं कारण भर अंगणात सांगितलं होतं, ऐकायला माणसंही भरपूर होती. पण गावाला खऱ्याची गोडी मुळातच कमी, त्याला कोण काय करणार?

राहीबाई माहेरची अंजूरची. लग्न होऊन खारबावला आली तेव्हा सासरी खाडीकाठची भातखाचरं होती आणि सासूच्या हातात कावीळ उतरवायचा गुण होता. सासूला अख्खं गाव आक्का म्हणायचं. आक्काचा कारभार रविवारी सकाळी न्याहारीच्या आधी चाले. अंगणात पितळी परात मांडायची, पेशंटानं समोर पाटावर बसून दोन्ही हात पुढं करायचे. परसातल्या आंब्याची साल कुटून काढलेला रस आधी त्याच्या हातांना कोपरापर्यंत चोळायचा आणि वरून चुन्याची निवळी ओतत हात धुवायचे. बघता बघता परातीतलं पाणी पिवळंधमक होई. बसलेला माणूस डोळे विस्फारून बघत राही आणि त्याच्या जिवात जीव येई. अंगातली कावीळ समोर परातीत पडलेली दिसत असताना कोण शंका काढणार?

आक्कानं ही विद्या सुनेला दिली ती नियमांसकट. पैसा घ्यायचा नाही. पेशंटाच्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही. बरं वाटलं की त्यानं एक नारळ आणून ठेवायचा, बस. पेशंटाला तेल, हळद आणि मासळी बंद. आणि सालीचं माप ठरलेलं: पहिल्या रविवारी मूठभर, दुसऱ्या रविवारी अर्धी मूठ, मग चिमूटभर. त्यामुळे दर रविवारी पाणी फिकं होत जाई, आणि माणूसही बरा होत जाई. साल कमी का करायची, हे राहीबाईनं नवी असताना एकदा विचारलं होतं. "मना माज्या सासूनं असाच शिकवला," आक्का म्हणाली, आणि विषय तिथंच मिटला.

आक्कामागं राहीबाईनं हे काम पुढं वाढवलं. पावसाळ्यात भिवंडीच्या लूमवाल्या वस्त्यांमध्ये कावीळ पसरली की रिक्षा भरभरून माणसं यायची. युपीचे विणकर परातीत वाकून बघायचे आणि म्हणायचे, "अम्मा, पानी तो एकदम पीला हो गया." बहुतेक सगळे बरे व्हायचे. पावसाळ्यातली तसली कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आणि साध्या जेवणानं आपसूक उतरते, हे राहीबाईला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तिनं ते मनावर घेतलं नसतं. तिनं उभ्या आयुष्यात कुणाचा पैसा घेतला नाही. मान मात्र घेतला, आणि पोटभर घेतला. लग्नाच्या हळदीला तिला पुढच्या खुर्चीवर बसवायचे, आणि ती आढेवेढे न घेता बसायची.

तिचा नवरा केसरीनाथ अगदी उलट स्वभावाचा. जमिनीचा बराच तुकडा गोडाऊनवाल्यांना गेल्यापासून त्याला काम असं उरलं नव्हतं. लुंगी, खांद्यावर पंचा, उघडं अंग, अशा थाटात तो ओट्यावर बसायचा आणि शेजारच्या तुळशीरामशी पत्ते कुटायचा. सदरा त्याच्या अंगाला फक्त लग्नात आणि मयतात लागे.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर या माणसाचे डोळे पिवळे झाले. राहीबाईनं रविवारची वाटही पाहिली नाही, घरचंच माणूस म्हणून मधल्या वारीच परात मांडली. मासळी बंद केली. आगरी माणसाला मासळीविना ठेवायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आगरी माणूस आहे त्यालाच ठाऊक. पण केसरीनाथ निमूट डाळभात गिळत राहिला. बायकोच्या हाताला यश येईना असं लोकांनी म्हणू नये, एवढीच त्याची काळजी.

यश येत नव्हतंच. मापाप्रमाणे साल कमी होत गेली, पाणी फिकं झालं आणि राहीबाईनं जाहीर केलं, "उतरली." केसरीनाथचे डोळे मात्र आणखी पिवळे झाले होते. अंगाला एवढी खाज सुटे की तो नारळाच्या शेंडीनं पाठ घासत बसे. दुखत काहीच नव्हतं, फक्त लुंगीची गाठ दर आठवड्याला थोडी पुढं सरकत होती. राहीबाईनं पुन्हा मूठभर सालीपासून सुरुवात केली. गोडाऊनमध्ये सुपरवायझर असलेला त्यांचा मुलगा कुणाल एकदा म्हणाला, "आय, डॉक्टरला दाखवू या." तेव्हा ती उसळून म्हणाली, "सगला गाव माज्याकडं येते, आनि माज्याच पोराला माजा इस्वास न्हाय?" कुणाल गप्प बसला. त्याचं गप्प बसणं पुढं बरंच महागात पडलं असतं, पण एका सकाळी त्यानं आईला न विचारताच बापाला भिवंडीला नेऊन पोटाची सोनोग्राफी करून घेतली आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यांना थेट मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मग राहीबाईही बरोबर गेली.

तिथली सर्जन बाई वयानं कुणालपेक्षा फार मोठी नसेल. तिनं तपासण्या पाहिल्या, केसरीनाथच्या दंडावरचे खाजवल्याचे ओरखडे पाहिले आणि विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

कुणालनं सांगितलं.

"मग एवढे दिवस काय केलंत?"

कुणालनं आईकडं बघितलं नाही. "गावात हात धुतात ना, तसला कायतरी चालू व्हता," एवढंच तो म्हणाला. धुणारी कोण, हे त्यानं सांगितलं नाही. केसरीनाथनंही नाही. राहीबाई दोघांच्या मधे बसली होती. पदर सारखा करत तिनं मान जी खाली घातली ती वर काढलीच नाही. मुलानं चारचौघांत तोंडावर बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यानं झाकलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. स्वतःची मूठ आणि बोटं वापरून तिनं समजावून सांगितलं. जठराच्या पुढं लहान आतड्याचं पहिलं वळण असतं. पित्ताची नळी तिथंच उघडते, आणि स्वादुपिंडाचं डोकं त्या वळणाला चिकटून असतं. नळीच्या नेमक्या तोंडाशी गाठ झाली आहे. पित्त तुंबलंय म्हणून कावीळ. "आधी तोंडातून दुर्बीण घालून नळीत एक बारीक नळी बसवू, म्हणजे पित्त वाहू लागेल. कावीळ उतरली की मग गाठ काढू. गाठीबरोबर ते आतड्याचं वळण, स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, सगळं काढून आत पुन्हा जोडाजोड करावी लागते."

"म्हंजे सगला पोट फाडनार?" राहीबाईच्या तोंडून गेलं.

"बहुतेक ठिकाणी अजून पोट मोठं उघडूनच करतात. आम्ही काही निवडक पेशंटचं दुर्बिणीतून करायला लागलोय. यांची गाठ अजून लहान आहे, शेजारच्या रक्तवाहिनीला धरलेलं नाही, म्हणून यांचं तसं करता येईल. पाच लहान भोकं, आणि काढलेलं बाहेर घ्यायला बेंबीखाली एक छोटा छेद." मग ती राहीबाईकडं वळून म्हणाली, "पण आजी, बाहेरून दिसणार नाही म्हणून ऑपरेशन लहान समजू नका. आत तेवढंच मोठं काम असतं."

नळी बसवली आणि मधले दिवस केसरीनाथला वॉर्डातच ठेवलं. राहीबाईच्या पिशवीत सालीच्या रसाची बाटली आणि चुन्याची डबी होती. डॉक्टरांचं डॉक्टरांनी करावं, आपलं आपण करावं, असा तिचा हिशेब. वॉर्डाच्या बाथरूममध्ये दार लोटून ती नवऱ्याचे हात धुवायची. तोही लहान मुलासारखा हात पुढं करायचा. दिवस गेले तसे त्याचे डोळे निवळले, खाज थांबली. एके दिवशी डोळे अगदी पांढरे दिसायला लागले. तरी राहीबाईनं सवयीनं हात धुतले आणि बेसिनकडं बघून ती थबकली. पाणी पिवळंधमक होतं, पहिल्या दिवशी होतं तितकंच.

केसरीनाथ खाटेवर परत गेला. ती तिथंच उभी राहिली. घरी असती तर एव्हाना मापाप्रमाणे साल चिमटीवर आली असती आणि पाणी फिकं झालं असतं. इथं बाटली एकच, रस पहिल्या दिवसाचाच. तिनं बाटलीतला रस स्वतःच्या हाताला चोळला आणि वर चुन्याची निवळी ओतली. पाणी पिवळं झालं. समोरच्या आरशात तिनं स्वतःचे डोळे पाहिले. स्वच्छ पांढरे होते.

एवढी वर्षं पाणी सालीनं पिवळं होत होतं. माणसाच्या अंगातून त्यात काही उतरत नव्हतं. आक्काला हे ठाऊक होतं का, की तिलाही सासूनं असाच शिकवला, हे आता विचारायची सोय नव्हती. राहीबाईनं उरलेला रस मोरीत ओतून दिला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात पहिला विचार नवऱ्याचा आला नाही, मागं वळून तिनं आधी दार बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. नंतर किती तरी दिवस या एका गोष्टीची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

ऑपरेशनला जवळजवळ अख्खा दिवस लागला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. गाठ पूर्ण निघाली, म्हणाली. पुढचे काही दिवस त्रासाचे गेले, खाल्लेलं उलटून पडायचं, पण हळूहळू घडी बसली. केसरीनाथ घरी आला तो निम्म्या वजनाचा आणि पांढऱ्याशुभ्र डोळ्यांचा.

बघायला सगळी आळी लोटली. खारबावाला ऑपरेशन म्हणजे काय ते माहीत होतं: अपेंडिक्सचा वीतभर वण, सिझरचे टाके. तुळशीरामनं आल्याआल्या फर्मावलं, "बघू दे, किती फाडलान." केसरीनाथनं सवयीनं बनियन वर केलं. पोटावर पाच ठिपके, प्रत्येक फार तर बोटाच्या पेराएवढा. खालचा छेद लुंगीच्या गाठीआड गेलेला.

"ह्या काय?" तुळशीराम म्हणाला. "ह्याला आपरेशन बोलतान? हितं तर मच्छर चावल्यासारखा हाय."

कुणीतरी हसलं. मग तुळशीरामनं आपला निकाल दिला आणि तो ऐकायला अंगण तयारच होतं. "कापलाच न्हाय ह्याला. सुया टोचल्या आनि बिल लावला. कावील उतरवली ती आमच्या वयनीनं. हितं दोन म्हयने हात धुतलान ते काय फुकट?"

केसरीनाथनं तोंड उघडलं होतं. त्यानं बायकोकडं बघितलं. राहीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं नुसतं म्हटलं असतं, "न्हाय हो, डॉक्टरनंच काढली गाठ," तर गोष्ट तिथंच संपली असती. तिच्या ओठांपर्यंत ते आलंही होतं. पण सगळे तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होते त्या नजरेची तिला आयुष्यभराची सवय होती. ती ट्रे घेऊन पुढं झाली आणि कप वाटू लागली. केसरीनाथनं बनियन खाली ओढलं.

त्या दिवसापासून त्यानं सदरा घालायला सुरुवात केली. उन्हाळ्यात ओट्यावर, अंगणात, पत्ते खेळताना, सगळीकडे गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. तुळशीरामनं टिंगल केली, "काय रं, सायब झालास?" तो म्हणाला, थंडी वाजते. मे महिन्यात. राहीबाई रोज तो सदरा धुवायची आणि दोरीवर टाकताना तिला तो हातात धरवत नसे. नवरा कुणासाठी घामाघूम होतोय हे तिला समजत होतं, आणि त्यानं यावर एक शब्दही काढला नव्हता.

रविवारची रांग मात्र दुपटीनं वाढली. डॉक्टरांना जमलं नाही ते राहीबाईनं केलं, अशी ख्याती अंबाडीपर्यंत गेली. पहिले काही रविवार तिनं ताप आहे म्हणून टाळलं. पण ताप किती दिवस काढणार? लोक दारात येऊन बसले, तिनं परात मांडली. येणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, "डॉक्टरलापन दाखव." म्हणायची, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्यालाही ते रीतीचं बोलणं वाटावं.

पावसाळ्याच्या तोंडाशी अंबाडीकडून दामू आला. शेतावर राबणारा, उंच, अबोल माणूस. बोलायचं काम त्याची बायको ठमाबाई करत होती. दामूच्या डोळ्यांकडं बघायची गरजच पडली नाही. त्यानं हात पुढं केले तेव्हा दंडापासून मनगटापर्यंत ओरखडे दिसले. कंबरेचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढं खिळ्यानं पाडलेल्या भोकात अडकवलेला होता.

"दुखते का?" राहीबाईनं विचारलं.

"कायच दुखत न्हाय," ठमाबाई म्हणाली. "खाज मातर लय. आमच्याकडचा डॉक्टर बोलतो, मोठ्या दवाखान्यात जा, पोट कापायला लागल. ह्ये कापायचा नाव काढला का घाबरतान. मंग कलला का तू तुज्या मालकाला बिनकापता बरा केलास. बाय, आमच्या ह्यांचापन तसाच कर."

केसरीनाथ ओट्यावरच होता. राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत खाली बघत होता. अंगणात माणसं होती, तुळशीराम होता, ठमाबाई हात जोडून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. "डॉक्टरला दाखव," राहीबाई पुटपुटली, आणि तिनं मूठभर साल घेतली.

चार रविवार दामू येत राहिला. साल कमी होत गेली तसं पाणी फिकं झालं. परातीत वाकून तो पहिल्यांदाच आपणहून बोलला, "फिका झाला, न्हाय?" त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की राहीबाईनं मान वळवली. तिच्यासारखी लबाड बाई पंचक्रोशीत नाही, असं तिला स्वतःलाच वाटलं. आणि असं वाटूनही ती पाटावरून उठली नाही.

चौथ्या रविवारी दामूला फाटकापासून अंगणापर्यंत यायला ठमाबाईचा खांदा लागला. त्या दुपारी जेवताना केसरीनाथ म्हणाला, "माज्यासारखाच खाजवते त्यो." दोन घास खाऊन पुन्हा म्हणाला, "मी जाते उद्या. पोट दाखवून येते त्याला. तू नको येऊ."

"मीपन येते," राहीबाई म्हणाली.

गेली खरी, पण तिथंही चोरासारखीच. ठमाबाई रानात गेली होती. दामू आत झोपला होता. मुलगा सागर घरी होता, त्याला तिनं बाजूला घेतलं, दार लोटलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. केसरीनाथनं सदऱ्याची बटणं काढली, लुंगीची गाठ जरा खाली करून बेंबीखालचा छेदही दाखवला. सागरनं ते ठिपके नीट वाकून पाहिले. "म्हंजे आपरेशन झाला व्हता?" एवढंच तो म्हणाला. त्याच दिवशी त्यानं गाडी करून बापाला मुंबईला नेलं. बाहेर पडताना राहीबाईनं त्याला विनवलं, हे गावात बोलू नको. त्याही वेळी तिला तेच सुचलं.

पुढं काय झालं ते सागरनं केसरीनाथला भिवंडीत गाठून सांगितलं. गाठ तशीच होती, त्याच जागी. पण आता तिनं शेजारची रक्तवाहिनी धरली होती आणि यकृतावरही डाग दिसत होते. दुर्बिणीतूनही नाही आणि पोट उघडूनही नाही. आधी आला असता तर बघता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी तोंडातून नळी तेवढी बसवली, म्हणजे खाज तरी थांबेल. "आयला सांगितला न्हाय," सागर म्हणाला. "तिला वाटते बरा व्हतंय."

राहीबाईनं हे ऐकलं आणि ती त्या दिवशी जेवली नाही. तरी पुढच्या रविवारी लोक आलेच, आणि परात मांडली गेलीच. बंद करायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण तर तेच होतं.

दोघा-तिघांचे हात धुऊन झाले असतील, तेवढ्यात फाटकातून ठमाबाई आत आली. नवी साडी, हातात नारळ. रांगेतल्या लोकांनी तिला वाट करून दिली. बरं झाल्याचा नारळ आणलेल्या माणसाला रांग नसते.

"बाय, डोले पांढरे झाले," ती म्हणाली.  "खाज गेली. काल भाकर मागून खाल्लान. डॉक्टरनं कापलाच न्हाय, नुसती तोंडातून नली घालून सोडलान. तुज्याच हाताचा गुन." आणि नारळ परातीशेजारी ठेवून ती राहीबाईच्या पाया पडायला वाकली.

राहीबाईनं पाय मागं घेतले. अंगातून आग निघावी तशी लाज तिच्या कानापर्यंत आली. अंगण तेच होतं, माणसं तीच, तुळशीराम तोच, आणि या वेळी गप्प बसलं तर हा नारळ तिला घरात न्यावा लागणार होता.

"ठमाबाय, हात दे," ती म्हणाली.

"माजा?"

"दे."

राहीबाईनं तिला पाटावर बसवलं. मूठभर सालीचा रस तिच्या हातांना कोपरापर्यंत चोळला, निवळी ओतली आणि सगळ्यांसमोर धुतले. पाणी पिवळंधमक झालं. ठमाबाई घाबरून परातीकडं बघायला लागली. "मलापन झाली?"

"न्हाय गो. तुला कायच न्हाय. कोनाचापन हात धुतला तरी पानी पिवलाच व्हतंय. ह्या सालीनं व्हतंय. साल कमी केली का फिका व्हतंय." तिनं अंगणाकडं बघितलं. "मी कोनाचीच कावील उतरवली न्हाय. ह्यांचीपन न्हाय."

केसरीनाथ ओट्यावरून उठला. त्यानं बटणं काढली, सदरा काढून खांद्यावर टाकला आणि खाली येऊन उघड्या पोटानं उभा राहिला. कित्येक महिन्यांत गावानं त्याचं अंग पाहिलं नव्हतं. "पाच भोका पाडून आतली गाठ काढली माजी," तो म्हणाला. "आत सगला कापला, जोडला. भायेर दिसत न्हाय, पन कापला."

ठमाबाईनं ते ठिपके बघितले. ती हळूहळू विचार करत होती आणि राहीबाईला तिचा विचार कुठं चाललाय ते दिसत होतं. शेवटी तिनं मान वर केली. "मंग आमच्या ह्यांचापन असाच व्हईल ना?"

"न्हाय," राहीबाई म्हणाली. "आता न्हाय व्हत. उशीर झाला. तुमाला चार आयतवार मी हितं बसवून ठेवला. तवाच गेला असता तर कदाचित झाला असता. मना ठावूक व्हता, तरी बसवला."

 ठमाबाईच्या कोपरांवरून पिवळं पाणी ठिबकत होतं. मग तिनं हात नव्या साडीच्या पदराला पुसले, उठली, नारळ उचलला आणि फाटकाबाहेर गेली. ती शिव्या देईल म्हणून राहीबाई थांबून राहिली होती, पण तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"आज वयनीचा कायतरी बिनसलाय," तुळशीराम शेजारच्याला म्हणाला. आणि रांगेतला पुढचा माणूस पाटावर येऊन बसला आणि त्यानं परातीवर दोन्ही हात पुढं केले.